ससून कोणाच्या जिवावर उभं आहे

(हिंजवडीत बांधकामावर आलेल्या आपल्या गावांतल्या मजुरांचा मेळावा झाला. त्यात आरोग्य गटाने केलेलं भाषण गावाकडे राहिलेल्या मंडळींसाठी इथे देत आहोत. बोललं तसंच ठेवलं आहे, दोन-चार ठिकाणी भर घातली आहे. ग्रामसभेत कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं.)



आयाबहिणींनो, भावांनो, आज रविवार म्हणून तुम्ही इतके तरी आलात. ज्यांच्या साइटवर आज स्लॅब आहे ते येऊ शकले नाहीत. त्यांना संध्याकाळी वस्तीवर जाऊन हे सांगायचं आहे.

एरवी आपण जमतो ते जमिनीसाठी. दावा कुठे अडकला, मोजणीला कोण आलं, कुणाचं पीक उपटलं. आज दवाखान्यावर बोलणार म्हटल्यावर एका भावाने विचारलं, ह्याचा जमिनीशी काय संबंध? आम्ही त्याला उलट विचारलं, तुझ्या वाडीत ज्यांनी शेताचा तुकडा तोंडी गहाण टाकला, त्यांना पैसे कशाला लागले होते? तो बोटं मोजायला लागला. एक लग्नाला. बाकी चार आजारपणाला. कागदावर आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही. पण घरचं माणूस खाटेवर तडफडत असलं की कागद कोण बघतो? पट्टा मिळवायला आपण पंधरा-पंधरा वर्षं भांडायचं आणि एका बाळंतपणात तो घालवायचा, असं चाललंय. म्हणून आज ससूनबद्दल बोलायचं.

ससून म्हणजे पुण्याचा मोठा सरकारी दवाखाना. पुणे स्टेशनातून बाहेर पडलं की चालत जाता येतं. इथून, हिंजवडीहून, वीसेक किलोमीटर. तुमच्यातल्या निम्म्यांनी तो बाहेरून पाहिला असेल आणि आत जायला घाबरला असाल. आत माणसांचा बाजार, पाट्या वाचता येत नाहीत, कुणी नीट बोलत नाही. आधी तो आला कुठून ते ऐका.

डेव्हिड ससून नावाचा मुंबईचा एक मोठा व्यापारी होता. बगदादहून आलेला ज्यू. त्याने पैसे दिले, १८६३ मध्ये दवाखान्याची पायाभरणी झाली आणि १८६७ साली तो सुरू झाला. सुरुवातीला १४४ रुग्णांची सोय होती. त्याच्या नावाची पाटी आजही आहे, आणि असू द्या, दान केलं तर नाव राहणारच. पण त्याच्याकडे पैसा आला कुठून हेही आपण विचारायला शिकलोय. कापसाचा आणि अफूचा व्यापार होता. अफू इथे पिकवायची आणि चीनमध्ये नेऊन विकायची. म्हणजे त्या दगडी भिंतींत इथल्या शेतकऱ्याचा घाम आहे आणि तिकडच्या नशेत बुडालेल्या माणसाचं घरदारही आहे. त्यानंतर दीडशे वर्षं हा दवाखाना चालला तो सरकारी तिजोरीवर. काडेपेटी घेतली, मिठाची पुडी घेतली, बसचं तिकीट काढलं, तरी कर कुठे ना कुठे आपल्या खिशातून जातो. तेव्हा तिथे पाय ठेवताना कुणाच्या दारात भीक मागायला आलोय असं वाटून घेऊ नका.

आता कॉलेजचं सांगतो. बैरामजी जीजीभॉय नावाच्या पारशी दानशूराच्या नावाने ससूनला जोडून मेडिकल स्कूल निघालं, १९४६ मध्ये त्याचं कॉलेज झालं. लोक त्याला बी. जे. म्हणतात. दरवर्षी २५० मुलं-मुली तिथे डॉक्टरकीला लागतात. ती शिकतात कशावर? पुस्तकावर शिकतात, हे खरं. पण पोट कसं चाचपायचं, बाळ आडवं आहे की सरळ, छातीत पाणी झालेल्याचा आवाज कसा येतो, हे पुस्तकातून येत नाही. ते आपल्या अंगावरून शिकतात. कातकऱ्याच्या, ठाकराच्या, झोपडपट्टीतल्या बाईच्या, हमालाच्या अंगावरून. श्रीमंत माणूस शिकाऊ डॉक्टरला हात लावू देत नाही, तो पैसे मोजून शिकून तयार झालेल्याकडे जातो. म्हणजे पुण्या-मुंबईत आज मोठमोठ्या काचेच्या दवाखान्यांत जे नामांकित डॉक्टर बसतात, त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा हात आपल्यासारख्यांच्या अंगावर बसलेला आहे. हे देणं ते विसरले तरी आपण विसरायचं नाही.

पण ह्याच गोष्टीची लोकांना भीती वाटते. आमच्यावर प्रयोग करतात, शिकाऊ पोरं कापाकापी करतात, असं वाडीवर बोललं जातं. ह्यात खरं किती ते सरळ सांगतो.

कॉलेजच्या दवाखान्यात एकटा डॉक्टर नसतो, युनिट असतं. वर एक मोठे सर किंवा मॅडम, खाली दोन-तीन डॉक्टर, त्यांच्या खाली रेसिडेंट, म्हणजे डॉक्टर होऊन पुढचं शिकणारी मुलं. त्याखाली इंटर्न. रात्री-अपरात्री तुम्हाला बघतो तो बहुतेक रेसिडेंट. तो सलग चोवीस-छत्तीस तास जागा असतो, म्हणून चिडलेला असतो. त्याच्या चिडण्याला भिऊ नका, त्याच्याशी भांडूही नका. सकाळी सरांचा राउंड असतो, तेव्हा दहा-पंधरा जण तुमच्या खाटेभोवती उभे राहतात आणि इंग्रजीत बोलतात. ते तुमच्याबद्दलच बोलत असतात. तीच वेळ आहे विचारायची. "सर, मला काय झालंय, मराठीत सांगा." असं विचारलं की बहुतेक सर थांबतात. आमचा तर अनुभव आहे की एवढे सगळे डोळे एका रोग्यावर असतात, हा फायदाच आहे. खाजगीत एकच माणूस बघतो आणि त्याची चूक धरणारं कुणी नसतं.

बायांसाठी एक. तपासताना पुरुष डॉक्टर असेल तर शेजारी बाई असली पाहिजे, सिस्टर किंवा मावशी. खाटेभोवती पोरांचा घोळका नको असेल तर नको म्हणता येतं. तसं म्हटल्याने उपचार बंद करता येत नाहीत.

कापाकापीबद्दल. ऑपरेशन आधी कागदावर सही किंवा अंगठा घेतात. १९२४ सालची गोष्ट सांगतो. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. पोटात भयंकर दुखायला लागलं, अपेंडिक्स. त्यांना ससूनला आणलं. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक नावाच्या इंग्रज डॉक्टरने ऑपरेशन केलं. त्याच्या आधी कागद तयार झाला, श्रीनिवास शास्त्रींना साक्षीला बोलावलं, संमतीचा मजकूर लिहिला आणि गांधीजींनी त्यावर सही केली. सरकार इंग्रजांचं, रोगी कैदी, तरी कापण्याआधी त्याची संमती लागली. मग आपला अंगठा न वाचता कसा घेतील? वाचून दाखवा म्हणायचं. काय काढणार, काय शिवणार, धोका काय, हे कळल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही.

त्या ऑपरेशनच्या मध्येच वीज गेली आणि पुढचं काम कंदिलाच्या उजेडात पुरं केलं. ती खोली ससूनने जपून ठेवली आहे. आम्हाला ह्या गोष्टीत दुसरंच काही आठवतं. त्याच वर्षांत ह्याच मुळशी तालुक्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर मावळे सत्याग्रह करत होते. १९२१ पासून. मुळशीचं पाणी अडवून मुंबईला वीज न्यायची होती. गावं बुडाली, वीज मुंबईला गेली. हिंजवडी मुळशी तालुक्यातच आहे. शंभर वर्षांनी तुम्ही इथे काचेच्या इमारतींना टाइल लावताय आणि धरणाच्या वरच्या वाड्यांत अजून रात्री बाळंतीण न्यायची तर बॅटरी धरावी लागते. असो, विषय दवाखान्याचा आहे.

मेलेल्याचं. हे बोलायला जड आहे, पण बोलतो. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला मुलं मृतदेहावर शिकतात. १९४९ सालचा कायदा आहे, त्यानुसार दवाखान्यात किंवा रस्त्यावर मेलेल्या बेवारस माणसाचा देह, ठरलेल्या मुदतीत कुणी मागायला आलं नाही तर, कॉलेजला देता येतो. लोक आपणहून देहदानही करतात, ते वेगळं. पण बेवारस कोण होतो? जो कामासाठी दूर आला, ज्याचं नाव मुकादमाच्या वहीत फक्त "पप्पू" असं आहे, ज्याच्या खिशात कागद नाही. म्हणून आमचं कळकळीचं सांगणं आहे. प्रत्येकाने पूर्ण नाव, वाडी, तालुका आणि घरच्या एकाचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. फोन फुटतो, चिठ्ठी राहते.

साइटवरच्या अपघाताचं आता. मागच्या वर्षी आपला एक माणूस परांचीवरून पडला. ठेकेदाराने त्याला उचलून जवळच्या एका खाजगी दवाखान्यात टाकलं, दोन दिवसांचं बिल भरलं आणि फोन बंद केला. तिथून डिपॉझिटचा तगादा. बायकोने मंगळसूत्र विकलं. पोलिसांत नोंद नाही, कारण "घरी पडला" असं लिहिलं होतं. आम्हाला कळेपर्यंत आठ दिवस गेले. ह्यातून शिकायचं ते हे. अपघात झाला की कॅज्युअल्टीत "एमएलसी करा" असं स्पष्ट सांगायचं. एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायचा कागद. कुठे, कसा, कुणाच्या कामावर पडला ते त्यात आलं पाहिजे. तो कागद असेल तर कायद्याने भरपाई मागता येते. नसेल तर ठेकेदार म्हणणार, हा माणूस मी पाहिलाच नाही. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी केली नसेल तर तीही करा, वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो.

आणि उपचार आधी, कागद नंतर. हे आम्ही म्हणत नाही, सुप्रीम कोर्ट म्हणतं, १९८९ पासून. दुसरा निकाल १९९६ चा आहे, तो तर आपल्यासारख्यांनीच मिळवलेला. बंगालमधला हकीम शेख नावाचा शेतमजूर १९९२ मध्ये रेल्वेतून पडला. डोक्याला मार. आरोग्य केंद्राने पुढे पाठवलं, कलकत्त्यातल्या एकामागोमाग एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी खाजगीत १७ हजारांच्या आसपास खर्च झाला. पश्चिम बंग खेत मजूर समिती, म्हणजे शेतमजुरांची संघटना, कोर्टात गेली. कोर्टाने सांगितलं, सरकारी दवाखान्याने जीव वाचवायचे उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. २५ हजार भरपाई दिली. रक्कम लहान आहे. पण "खाट नाही, जा" असं कुणी म्हटलं तर तुम्हाला म्हणता येतं, "तसं लिहून द्या." लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळदा खाट निघते.

पैशाचा घोळ मात्र समजून घ्या, कारण इथे सरकारच्याच दोन खिडक्या आहेत. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, पौड-घोडेगावसारखं ग्रामीण रुग्णालय, मंचरचं उपजिल्हा, औंधचं जिल्हा रुग्णालय ही सगळी आरोग्य खात्याची. तिथे १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, उपचार मोफत आहेत. ससून आरोग्य खात्याचं नाही, वैद्यकीय शिक्षण खात्याचं आहे. तिथे तो नियम लागू नाही, थोडी फी आहे. पिवळं रेशनकार्ड दाखवलं तर सवलत मिळते. नसेल तर समाजसेवा विभागात जायचं. तिथे समाजसेवा अधीक्षक बसतात. हे पद गरिबासाठीच आहे, पण त्यांच्या खोलीचा पत्ता गरिबाला कुणी सांगत नाही. मोठ्या ऑपरेशनला महात्मा फुले योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र असतो, भरती होताच त्याला गाठा, बिल झाल्यावर नाही. बाळंतपण, सिझर असलं तरी, सरकारी दवाखान्यात मोफत. औषध, रक्त, जेवण, नेणं-आणणं त्यातच.

हिंजवडीतून सगळ्यांनी ससूनलाच पळायचं कारण नाही. सर्वांत जवळ औंध पडतं. तिथेच छातीचं वेगळं रुग्णालय आहे, टीबीवाल्यांनी ते लक्षात ठेवावं. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे, ७५० खाटांचं, लोक वायसीएम म्हणतात. तिथेही आता डॉक्टर पुढचं शिकतात. ससूनच्या मंजूर खाटा तेराशेच्या आसपास आहेत, आणि पुण्याच्या आजूबाजूच्या जिल्ह्यांतलं अवघड ते सगळं तिथेच लोटलं जातं. २०२० मध्ये करोना आला तेव्हा वर्षानुवर्षं रखडलेली अकरा मजली इमारत घाईघाईने सुरू करावी लागली. साथ आल्यावर सरकारला सरकारी दवाखाना आठवतो.

अगदीच खाजगीत अडकलात तर बघा तो ट्रस्टचा आहे का. धर्मादाय दवाखान्यांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी निम्म्या दरात ठेवाव्याच लागतात. विचारल्याशिवाय कुणी देत नाही.

गावाकडच्यांसाठी साप-विंचवाचं. ह्यासाठी ससून नाही. फुरसं, घोणस, नाग, मण्यार, कुठलाही चावो, जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात पहिलं इंजेक्शन घ्यायचं आणि तिथून १०८ च्या गाडीने पुढे. कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय हलवायचा नाही. ते औषध घोड्याला थोडंथोडं विष टोचून त्याच्या रक्तापासून करतात. हाफकिनचं हे काम इथेच पिंपरीत चालतं. घोणशीने किडनी बंद पडली तर मात्र मोठा दवाखाना लागतो, म्हणून पुढे पाठवायची चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नका. भगताला आमचा विरोध नाही. त्याचा धीर लागतो. त्याला गाडीत सोबत बसवा, पण गाडी त्याच्या दारात थांबवू नका.

विंचवाची गोष्ट सांगायलाच हवी. महाडच्या बाजूला, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नोकरीला होते. लाल विंचू चावून कातकऱ्यांची, कुणब्यांची पोरं मरायची. ते रात्रंदिवस उशाशी बसून लिहून ठेवायचे, नाडी कशी, घाम कसा. पुढे बी. जे.मधून एम.डी. झाले आणि परत महाडलाच आले. रक्तदाबाची प्राझोसिन नावाची साधी स्वस्त गोळी विंचवावर चालते हे त्यांनी दाखवलं, जगभर ते मानलं गेलं. म्हणजे कॉलेजात शिकून माणूस आपल्याकडे येऊ शकतो. आला तर काय होतं तेही कळतं.

बाकीचे येत नाहीत. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते, नाही केली तर दहा लाख दंड. ज्याच्या बापाकडे दहा लाख आहेत त्याला आपल्या वाडीची वाट कशी सापडणार? आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे उपकेंद्र आणि वीस हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र हवं असा सरकारचाच नियम आहे. इमारत पुष्कळ ठिकाणी आहे, कुलूप लावलेली. राज्याच्या कोट्यात शंभरातल्या सात जागा आपल्या पोरांच्या आहेत. त्या खोट्या दाखल्यावर दुसराच कुणी बळकावतो का, ह्यावर लक्ष ठेवायचं कामही आपलंच.

जागा नाही म्हणून उपकेंद्र होत नाही, असं उत्तर मिळालं तर वनहक्क कायदा काढा. कलम ३ (२). शाळा, अंगणवाडी, रस्ता ह्यांच्याबरोबर दवाखान्यासाठीही वनजमीन देता येते, एका कामाला एक हेक्टरपर्यंत, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर. पण ग्रामसभेची शिफारस लागते. वैयक्तिक दाव्यांच्या मागे लागून आपल्या बहुतेक ग्रामसभांनी हे कलम उघडूनही पाहिलेलं नाही. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठरावाचा नमुना ह्याच अंकाच्या शेवटच्या पानावर दिला आहे. लोकसंख्या, जवळच्या केंद्राचं अंतर आणि पावसाळ्यात वाट किती दिवस बंद असते, हे तीन आकडे गावाने स्वतः मोजून भरायचे.

दवाखान्यात न्यायचा रोगी असेल तर आदल्या दिवशी संघटनेच्या खोलीवर निरोप द्या. सोबतीला एक जण येईल. तुमचा जुना केसपेपर सांभाळा, त्यावर युनिट आणि ओपीडीचा वार लिहिलेला असतो. दुसऱ्या वारी गेलात तर हेलपाटा होतो. सिकलसेलवाल्यांनी लाल-पिवळं जे कार्ड असेल ते आणावं, त्यांना सरकारी रक्तपेढीतून रक्त फुकट मिळतं आणि २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचा दाखलाही मागता येतो. रांग लांब असते, म्हणून सकाळी लवकर निघायचं. भाकरी बांधून आणा. रेशनकार्डाच्या आणि आधारच्या दोन-दोन झेरॉक्स इथूनच काढून न्या, दवाखान्यापाशी महाग पडतात.